तिसरी पाळी

नाशिकरोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठावर एकलहरे आहे आणि एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र आहे. १९७०-७१ मध्ये इथे १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन. पहिले दोन केव्हाच बंद झाले. उरलेले तीन मिळून ६३० मेगावॉट. २१० चा एक संच पूर्ण भारावर चालत असला की त्याला तासाला सव्वाशे-दीडशे टन कोळसा लागतो. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि ते भर दुपारी, मध्यरात्री, दिवाळीला, पाडव्याला सारखंच फिरतं. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा म्हणजे तासन्‌तास जातात आणि वर महागडं तेल जळतं ते वेगळंच. त्यामुळे वीजकेंद्राला रात्र नसते. माणसं पाळीपाळीने येतात आणि जातात, यंत्र थांबत नाही.

स्त्रियांच्या नोकरीच्या इतिहासात या गोष्टीला फार महत्त्व आहे, आणि त्याचं कारण एका कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीज निर्माण करण्याला उत्पादन प्रक्रिया मानलं. म्हणजे एकलहऱ्याचं वीजकेंद्र कायद्याच्या भाषेत कारखाना. त्याच अधिनियमाचं कलम ६६ सांगत होतं की कोणत्याही कारखान्यात बाईने सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात काम करावं. राज्य सरकारला ही वेळ थोडी पुढेमागे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत परवानगी देण्याचा अधिकार सरकारलाही नव्हता. बाई तयार असली तरी नाही, कंपनी तयार असली तरी नाही. कायद्याचे शब्द ‘कामावर ठेवता येणार नाही’ एवढेच नव्हते. काम ‘करू देता येणार नाही’ असेही होते.

आता या गोष्टी एकत्र ठेवा. यंत्र चोवीस तास चालतं, माणसं तीन पाळ्यांमध्ये फिरत राहतात, आणि तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीत बाई असणं बेकायदा. फिरत्या पाळ्यांच्या वेळापत्रकात ज्याला रात्र करता येत नाही त्याला त्या वेळापत्रकातच घेत नाहीत, कारण त्याच्या वाटची रात्र दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. एकलहऱ्याची पहिली भट्टी पेटल्यापासून जवळजवळ पंचेचाळीस वर्षं ही परिस्थिती होती. महाराष्ट्राने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली ती २०१५ मध्ये. सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षणाचं धोरण मात्र १९९४ चं. मधली एकवीस वर्षं राज्य सरकारचा एक हात बाईला नोकरीत घेत होता आणि दुसरा तिला रात्री दरवाजाबाहेर ठेवत होता. भरतीच्या वेळी उघडलेलं दार आणि आतल्या कामाची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आरक्षणाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा पहिल्या दारापाशीच संपते. हे प्रकरण दुसऱ्या दाराबद्दल आहे.

ही बंदी दुष्टपणाने आली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांत बाया पुरुषांइतकेच तास राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं. १८९० साली महालक्ष्मीला झालेल्या त्यांच्या प्रचंड सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्यानंतरच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने बायांच्या कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. त्यामागे कामगारांचा रेटा होता, तसा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना सलत होतं. पुढे १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तिथे होते. बायकांना रात्री कारखान्यात ठेवू नये हा करार त्या पहिल्याच परिषदेत झाला आणि भारताने तो मान्य केला. ज्या काळात चाळीतली बाई पहाटे उठून भाकऱ्या थापून गिरणीत जायची आणि रात्री परत येऊन चूल पेटवायची, त्या काळात रात्रपाळीची बंदी हा तिला दिलासाच होता. हे मान्य केल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही.

गिरण्यांमध्ये बाया कुठे होत्या? वाइंडिंग आणि रिळिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. त्यांच्यावर देखरेख करायला नायकीण असे. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं हे बरंचसं तिच्या हातात. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी साधारण पाचात एक बाई होती. मग मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. बाळंतपणात कामगार बाईला काही आठवडे सुटी आणि त्या दिवसांचे पैसे, आणि हे पैसे गिरणीमालकाने द्यायचे. आदल्या वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात या विधेयकावर बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी म्हटलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाची सुटका नाही, कारण बाईला कामावर घेण्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच तो तिला घेतो, हेही त्यांनी बजावलं.

भार कुणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न त्यांनी तेव्हाच नेमका धरला होता. पुढे काय झालं ते गिरणगावाने पाहिलं. नवी यंत्रं आली, रिळिंग खाती बंद पडत गेली, आणि जिथे एका जागेवर बाई किंवा पुरुष दोघेही चालले असते तिथे मालक पुरुष घेऊ लागला. पुरुषाला दोन आणि तीन पाळ्यांत फिरवता येत होतं, बाळंतपणाचे पैसे द्यावे लागत नव्हते, पाळणाघर बांधावं लागत नव्हतं. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या पुढारी बायका लढत राहिल्या, तरी बायांचं प्रमाण दशकागणिक घटतच गेलं. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा गिरणीत बाई हा अपवाद उरला होता. यात यंत्रांचा वाटा किती आणि कायद्यांचा किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझं मत असं की प्रसूतीचे पैसे देणारा कायदा योग्यच होता, चूक होती ती बिल एकट्या मालकाच्या नावावर फाडण्यात. कामगार राज्य विमा योजनेत ते पैसे विम्याच्या सामायिक निधीतून येतात. तिथे बाईला कामावर ठेवल्याचा दंड एकट्या मालकाला बसत नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, ती मात्र पुन्हा मालकाच्याच खर्चाने. १९२८ चा प्रश्न अजून उभा आहे.

एकलहऱ्याच्या भट्टीत जो कोळसा जळतो त्याच्याशीही ही कथा बांधलेली आहे. कोळशाच्या खाणीत पूर्वी नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीने तो वाहून न्यायची. १९३० च्या दशकात बायकांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने काढलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडला तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने ही बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आंबेडकर. बंदी उठवल्याबद्दल १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना धारेवर धरण्यात आलं. निर्णय युद्धाच्या निकडीचा होता आणि तो तात्पुरता आहे असं त्यांनी सांगितलं. पण त्याचबरोबर खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल ही अट घातल्याचं त्यांनी ठासून सांगितलं. लिंगभेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशात एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच आलं, असा त्यांचा दावा होता. १९४६ मध्ये बंदी परत आली.

याच मजूर खात्याकडे त्या काळात वीजही होती. युद्धोत्तर वीजविकासाची आखणी तिथे झाली आणि त्या विचारातून १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं ते या कायद्याखाली, आणि त्या मंडळाने एकलहरे उभारलं. एकलहऱ्याचा जन्म ज्या कायद्यातून झाला तो १९४८ चा, आणि बाईला तिथल्या तिसऱ्या पाळीतून बाहेर ठेवणारा कारखाने अधिनियमही १९४८ चाच. एकाच वर्षाची ही दोन अपत्यं.

खाणींतल्या भूमिगत कामाची बंदी मात्र लांबली. खाण अभियांत्रिकी शिकायला प्रवेश मिळावा म्हणून चंद्राणी प्रसाद वर्मा यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं. १९९९ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून ओळखल्या गेल्या. तेव्हासुद्धा खाणीत उतरून नोकरी करायला कायद्याची मनाई होतीच. ती २०१९ च्या जानेवारीत सैल झाली: तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांवर बायकांना दिवसा भूमिगत काम करायला परवानगी मिळाली.

आरक्षणाकडे वळताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर स्त्रियांच्या संघटनांनी आरक्षण नाकारलं होतं. संविधान सभेत मुंबई प्रांतातून आलेल्या हंसाबेन मेहता यांनी १९४६ च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट सांगितलं की आम्हाला राखीव जागा नकोत, कोटा नको. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा. त्या पिढीला वाटत होतं की दरवाजे उघडले की बाया आपल्या गुणांवर आत जातील. संविधानाने अनुच्छेद १६ मध्ये सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली, आणि अनुच्छेद १५(३) मध्ये स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची वाट राज्याला मोकळी ठेवली. ही वाट पुढे कामाला आली.

दरवाजे काही आपोआप उघडले नाहीत. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात नियम होता की मुलीचं लग्न झालं की नोकरी संपली. विवाहित बाया गैरहजर राहतात आणि हे काम सांघिक आहे, असं कंपनीचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. लेकुरवाळ्या विधवेला कामावर ठेवता येतं, तर विवाहितेला का नाही, हा साधा तर्क कंपनीकडून सुटला नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात घरी पाठवण्याचा नियम १९८१ मध्ये रद्द झाला. १९७६ च्या समान वेतन कायद्यावरचा गाजलेला निकालही मुंबईचा: मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डी’कोस्टा लघुलेखक होत्या, आणि त्यांना व इतर महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत होता. बायकांना साहेबांच्या खासगी लघुलेखक म्हणून नेमलंय, त्यांचं काम वेगळं, असा बचाव झाला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या कामात कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी त्याचा मोबदलाही सारखाच, मग पदाला नाव काहीही द्या.

खेड्यात या काळात वेगळंच काही घडत होतं. १९७२ च्या दुष्काळात नाशिक जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांसह राज्यभर लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली. १९७९ पासून तो अंमलात आला. स्त्रीपुरुषांना एकच दर आणि कामावर लहान मुलांना सांभाळण्याची सोय या गोष्टी त्यात होत्या. मजुरी मोजमापावर मिळे, म्हणजे किती घनमीटर माती निघाली यावर. कुदळ पुरुषाच्या हाती आणि पाटी बाईच्या डोक्यावर ही वाटणी तशीच राहिली, तरी शेतमालकाच्या मर्जीबाहेर स्वतःच्या नावाने मजुरी मिळण्याचा अनुभव लाखो बायकांना पहिल्यांदा मिळाला. बंधारे, पाझर तलाव, रस्ते यांवर बाया एवढ्या मोठ्या संख्येने आल्या की ‘बाई जड काम करत नाही’ हे म्हणणं बोलणाऱ्याच्याच तोंडाला शोभेना.

२२ जून १९९४ रोजी महाराष्ट्राने देशातलं पहिलं राज्यस्तरीय महिला धोरण जाहीर केलं. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. नोकऱ्यांमधलं ३० टक्के आरक्षण ही त्यातली सर्वांत ठोस गोष्ट. २५ मे २००१ च्या शासन निर्णयाने त्याची तपशीलवार चौकट बांधली.

हे आरक्षण कसं चालतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याबद्दल गैरसमज फार. महानिर्मिती किंवा महावितरण या सरकारी वीजकंपन्यांची भरतीची जाहिरात उघडा. आडव्या रकान्यांत सामाजिक प्रवर्ग असतात: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, खुला. त्याच तक्त्यात उभी यादी असते: सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त. या दुसऱ्या यादीला समांतर आरक्षण म्हणतात. महिलांचा असा वेगळा सामाजिक प्रवर्ग नाही. प्रत्येक प्रवर्गाच्या आतल्या ३० टक्के जागा त्यांच्यासाठी असतात.

समजा खुल्या प्रवर्गात १० जागा आहेत, त्यांतल्या ३ महिलांच्या. आधी गुणवत्तेनुसार पहिली दहा नावं काढायची. त्या दहांत तीन मुली आपसूक आल्या असतील तर आरक्षणाचं काम संपलं; एकही नाव हलत नाही. एकच मुलगी आली असेल, तर यादीतल्या पुढच्या दोन मुली वर घ्यायच्या आणि तळाचे दोन मुलगे खाली जातात. म्हणजे हा किमान आकडा आहे. मुली जितक्या पुढे जातील तितकं हे आरक्षण स्वतःहून निष्क्रिय होत जातं, आणि मला त्याची ही रचना फार शहाणपणाची वाटते. तिची दुबळी बाजूही आहे. त्या प्रवर्गातली पात्र स्त्री मिळाली नाही तर जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. ती पुढच्या भरतीसाठी राखून ठेवली जात नाही. तांत्रिक पदांवर, जिथे अर्ज करणाऱ्या मुलीच कमी, तिथे कागदावरचे ३० टक्के प्रत्यक्षात बरेच खाली येऊ शकतात.

आणि मग आला तो गोंधळ, ज्यात हजारो मुली वर्षानुवर्षं अडकल्या. इतर मागासवर्गातली मुलगी. तिचे गुण खुल्या प्रवर्गातल्या महिलेपेक्षा जास्त. तिला खुल्या महिलांच्या जागेवर घ्यायचं की नाही? १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाचा अर्थ असा लावला गेला की घ्यायचं नाही, त्या जागा फक्त अमागास महिलांच्या. परिणाम असा की कमी गुणांची उमेदवार आत आणि जास्त गुणांची बाहेर, निव्वळ जातीचा दाखला जोडला म्हणून. मुंबई उच्च न्यायालयापुढे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे खटल्यांची रांग लागली. १९ डिसेंबर २०१८ च्या शुद्धिपत्रकाने सरकारने भूमिका बदलली. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीच्या खटल्यात १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी हा प्रश्न निकाली काढला: खुला प्रवर्ग म्हणजे सगळ्यांसाठी खुला, त्यातल्या महिलांच्या जागा कोणत्याही जातीच्या महिलेच्या. ज्या मुलींचं वय त्या चार-सहा वर्षांत कमाल वयोमर्यादेच्या पलीकडे गेलं त्यांना या निकालाचा काय उपयोग? एक साधी गोष्ट नीट लिहिली असती तर टळणारं हे नुकसान होतं, आणि ते सोसलं मागासवर्गीय मुलींनी.

आता पुन्हा एकलहऱ्याला येऊ. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशांत आणि आयटीआयमध्येही मुलींना ३० टक्के जागा आहेत. एकलहऱ्याच्याच शिवारात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत स्थापत्य अभियंता झाल्या तेव्हा वर्गात बाई ही नवलाई होती. आता नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयात इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या वर्गात मुली बसलेल्या असतात. त्यातली एखादी परीक्षा देऊन वीजकेंद्रात रुजू झाली की तिला कुठे टाकायचं हा प्रश्न येतो.

केंद्रात कामाची दोन जगं आहेत. एक जनरल पाळीचं: नियोजन, प्रयोगशाळा, भांडार, चाचणी, कार्यालय. दुसरं ऑपरेशनचं. रात्री दोन वाजता कंट्रोल रूममध्ये डेस्कवर बसलेल्या माणसासमोर ड्रममधल्या पाण्याची पातळी असते, भट्टीतला दाब असतो, कोळसा दळणाऱ्या किती मिल चालू आहेत ते असतं. वाफेचं तापमान ५४० अंशांच्या आसपास ठेवायचं. कळव्याच्या भार प्रेषण केंद्राकडून सूचना येते, भार कमी करा. पावसाळ्यात ओला कोळसा फीडरमध्ये अडकतो, एक मिल सुटते, ज्योत डळमळते आणि काही सेकंदांत ठरवायचं असतं की तेलाचे बर्नर टाकायचे की संच ट्रिप होऊ द्यायचा. बाहेर बॉयलरच्या मजल्यावर शिडी चढून एखादी झडप हाताने उघडावी लागते. हे पुस्तकातून येत नाही. संच पेटवताना, विझवताना, बिघडताना पाहिलेला माणूसच पुढे त्याच्यावर हुकूम चालवू शकतो.

आणि नियमही तेच सांगतात. बॉयलरचा ताबा घ्यायचा तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या परीक्षेला बसायला बॉयलरवरच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. अनुभव पाळीत मिळतो. पाळीत रात्र आहे. रात्रीला कायदा आडवा. २०१५ पूर्वी रुजू झालेल्या अभियंता मुलीसमोर ही साखळी होती. पगार सारखा, पद सारखं, कनिष्ठ अभियंत्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंतची शिडीही तीच. फक्त वरच्या पायऱ्यांवर ज्या ज्ञानाची किंमत असते ते मिळवण्याची जागा तिच्यासाठी बंद. समान वेतनाच्या कायद्याला यात हात घालता येत नव्हता, आरक्षणालाही नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये कलम ६६ मधली रात्रबंदी घटनाबाह्य ठरवली होती. महाराष्ट्राला कायदा बदलायला आणखी पंधरा वर्षं लागली. २०१५ च्या दुरुस्तीने मुभा दिली ती अटींसह: सुरक्षित ये-जा, पुरेसा उजेड, स्वच्छतागृहं, एकटीला न ठेवणं. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हेच देशभर केलं आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बाईच्या संमतीने सातनंतर आणि सहाच्या आधी काम, आणि कोणत्याही कामाला बंदी नाही.

संमतीच्या अटीबद्दल मात्र सावध राहायला हवं. रात्र नको म्हणण्याचा हक्क बाईला हवाच. घरी तान्हं मूल असताना तो लागतो. पण पाळीच्या प्रमुखाने तिला न विचारताच ‘मॅडमला कशाला रात्रीचा त्रास’ असं ठरवून टाकलं, तर जुनं कलम रद्द होऊनही जिवंत राहतं. कायद्याने जी मनाई केली होती ती सौजन्याच्या रूपाने परत येते, आणि सौजन्याविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण नसतं.

हे घडू नये यासाठी काय लागतं ते रेल्वेने आणि महावितरणने दाखवलं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मध्य रेल्वेत आल्या आणि १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. त्यांनी मालगाडी चालवली, घाट चढले, २०११ मध्ये डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत. त्यांना आधी अवघड काम मिळालं, मान नंतर मिळाला. क्रम हाच असायला हवा. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून भरती झालेल्या मुली आधी टेबलावर बसवल्या जात होत्या अशी तक्रार असे; आज बीड, नाशिक, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत त्या खांबावर चढून फ्यूज टाकताना लोक पाहतात. बीड जिल्ह्यातल्या एका महिला तंत्रज्ञाचं खांबावर चढतानाचं चित्रीकरण २०२० मध्ये देशभर फिरलं. त्या खो-खोच्या खेळाडू होत्या, खेळाडूंच्या राखीव जागेतून आलेल्या. आरक्षणाने दार उघडलं आणि खांबावर चढायला दिलं गेलं, तेव्हाच ती नोकरी खरी झाली.

आणखी दोन दारं आहेत, ज्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एक प्रकल्पग्रस्तांचं. जमीन गेलेल्या कुटुंबाला एक दाखला मिळतो आणि तो कुणाच्या नावावर करायचा हे घर ठरवतं. बहुतेक घरांत तो मुलाच्या नावावर जातो. दुसरं अनुकंपेचं. कर्मचारी नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला नोकरी. कित्येक विधवा या वाटेने पहिल्यांदा घराबाहेर पगारावर आल्या. पण विवाहित मुलीला महाराष्ट्राने या यादीत घेतलं ते २६ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयाने. तोवर मुलाचं लग्न झालं तरी तो मुलगाच राहत होता आणि मुलीचं लग्न झालं की ती या घरची उरत नव्हती.

आणि कंत्राटी बाया. कोळसा हाताळणीचा परिसर झाडणं, राख साफ करणं, वसाहतीची स्वच्छता, बाग, ही कामं वीजकेंद्रांत कंत्राटदारांमार्फत होतात आणि त्यात बायांचा भरणा मोठा असतो. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची हे ठरवणारा तक्ता, कायम पदांना लागते. कंत्राटदाराच्या हजेरीपटाला ३० टक्क्यांचा नियम लागत नाही, आणि लागला तरी अर्थ काय, तिथे बायाच जास्त. त्यांना हवं ते वेगळं: किमान वेतन पूर्ण हातात पडणं, भविष्य निर्वाह निधी खरोखर भरला जाणं, विम्याचं कार्ड, बाळंतपणानंतर परत कामावर घेतलं जाणं, आणि २०१३ च्या कायद्याने नेमायची लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती त्यांनाही लागू आहे हे कुणीतरी त्यांना सांगणं. त्या कायद्यातल्या व्याख्येत कंत्राटी कामगारही येतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. ते अभियंता मॅडमच्या मुलासाठी असेल आणि राख झाडणाऱ्या बाईच्या मुलासाठी नसेल, तर सारं श्रेय अर्धंच.

एकलहऱ्याला बंद पडलेल्या संचांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच यावा अशी मागणी नाशिककर वर्षानुवर्षं करत आहेत. तो येईल तेव्हा गावातले लोक रोजगाराचा आकडा विचारतील, आणि विचारायलाच हवा. त्याच सभेत आणखी चार प्रश्न विचारता येतील. बॉयलरच्या मजल्यांवर महिलांसाठी स्वच्छतागृह आराखड्यातच आहे का? पाळीच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून स्त्रियांची नावं असणार का, रात्रीच्या गाडीसह? बॉयलर ऑपरेशनच्या प्रमाणपत्रासाठी लागणारा अनुभव त्यांना किती वर्षांत मिळेल? आणि कंत्राटाच्या अटींत पाळणाघर कुणाच्या खर्चाने लिहिलं आहे?